लायरावरचा खटला

फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरिअल्स' या त्रयीवरचा आक्षेप थोडक्यात असा: मोठ्यांनी देव मानावा की मानू नये हा त्यांचा प्रश्न, पण चिलखत घातलेली अस्वले, चेटकिणी आणि दुसऱ्या जगात उघडणाऱ्या खिडक्या दाखवून दहा-बारा वर्षांच्या मुलाला देवाविरुद्ध फितवणे ही लबाडी आहे. मुलाला युक्तिवाद खोडता येत नाही, गोष्ट मात्र त्याच्या मनात खोल उतरते. म्हणून गोष्टीतून केलेला प्रचार उघड वादापेक्षा घातक. हा आक्षेप वेडगळ नाही. 'सनातनी मंडळी कलेची शत्रूच' असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी पुलमन यांची बाजू कधीच भक्कम केलेली नाही. आक्षेपाला उत्तर द्यायचे तर तो आधी पूर्ण ऐकून घेतला पाहिजे.

त्रयीचा पहिला खंड 'नॉर्दर्न लाइट्स' १९९५ साली इंग्लंडमध्ये निघाला. अमेरिकी प्रकाशकाने त्याचे नाव बदलून 'द गोल्डन कंपास' केले. 'द सटल नाइफ' १९९७ मध्ये आणि 'द अँबर स्पायग्लास' २००० मध्ये आला. पहिल्या खंडाला कार्नेगी पदक मिळाले, तिसऱ्याला २००१ सालचा व्हिटब्रेडचा सर्वोच्च पुरस्कार. मुलांच्या पुस्तकाला तो मिळण्याची ती पहिलीच खेप. त्याच सुमारास, जानेवारी २००२ मध्ये, पीटर हिचन्स या स्तंभलेखकाने पुलमन यांना ब्रिटनमधला सर्वांत धोकादायक लेखक ठरवले. पण खरा गदारोळ उठला तो २००७ मध्ये, चित्रपट येऊ घातला तेव्हा. अमेरिकेतल्या 'कॅथलिक लीग'चे अध्यक्ष विल्यम डॉनह्यू यांनी ऑक्टोबरात बहिष्काराची हाक दिली आणि २३ पानांची एक पुस्तिका काढली. त्यांचे म्हणणे मासलेवाईक होते. चित्रपट तसा सौम्यच आहे, पण तो गळाला लावलेले आमिष आहे. तो पाहून खूश झालेली मुले नाताळची भेट म्हणून पुस्तके मागतील आणि आईबाप बेसावधपणे आणून देतील. नोव्हेंबरात कॅनडामधल्या ऑंटारिओ प्रांतातील हॉल्टन कॅथलिक शिक्षण मंडळाने ही पुस्तके शाळांच्या खुल्या कपाटांतून काढून घेतली. सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांची यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी काढते. २००७ च्या यादीत 'द गोल्डन कंपास' चौथे होते, २००८ मध्ये सगळी त्रयीच दुसऱ्या क्रमांकावर पोचली. गंमत अशी की, त्याच २००७ साली कार्नेगी पदकाला सत्तर वर्षे झाली म्हणून लोकांचा कौल घेतला गेला आणि आजवरच्या पदकविजेत्यांतले सर्वांत आवडते पुस्तक म्हणून 'नॉर्दर्न लाइट्स' निवडले गेले.

पहिला आरोप लपवाछपवीचा. डॉनह्यू यांच्या पुस्तिकेच्या नावातच मुखवटा उतरवल्याचा दावा होता. पण आरोपाला पुरावा म्हणून पुढे केले जात होते काय? पुलमन यांनी वर्तमानपत्रांना दिलेल्या मुलाखती. ख्रिस्ती श्रद्धेच्या पायालाच धक्का द्यायचा आपला प्रयत्न आहे, असे त्यांनी २००१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ला सांगितले होते. आपली पुस्तके देवाला मारण्याविषयी आहेत, असे २००३ मध्ये 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'ला. ज्या माणसाने दोन खंडांतल्या दोन मोठ्या वर्तमानपत्रांना आपला हेतू स्वतःहून सांगून टाकला, त्याचा छुपा डाव उघडकीला आणल्याचे श्रेय कोणी कसे घ्यावे? पुलमन यांच्यावर उद्धटपणाचा आरोप करा, आढ्यतेचा करा, लपवण्याचा करता येणार नाही.

बरे, गोष्टीच्या आडून श्रद्धेचा प्रश्न मुलांपर्यंत नेणे हीच लबाडी असेल, तर पहिला आरोपी पुलमन नव्हे, सी. एस. लुइस. त्यांच्या नार्निया मालिकेतले 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० मध्ये आले. त्यातला अस्लान हा सिंह दुसऱ्याच्या अपराधासाठी मरतो आणि पुन्हा उठतो. ख्रिस्ती वाचकाला हे उलगडून सांगावे लागत नाही. लुइस यांनी १९५६ च्या एका निबंधात आपली रीतच सांगितली आहे: धर्माच्या गोष्टी उपदेश म्हणून आल्या की मुलाच्या मनाच्या दारातले राखणदार जागे होतात, त्याच गोष्टी कल्पित जगात नेल्या तर त्या राखणदारांची नजर चुकवून आत जाता येते. म्हणजे नजर चुकवण्याची ही विद्या लुइस यांनी उघडपणे शिकवली, आणि चर्चने तिचे कौतुक केले. २००५ मध्ये नार्नियाचा चित्रपट निघाला तेव्हा अमेरिकेतल्या चर्चनी तिकिटांचे गठ्ठे घेतले, खास खेळ लावले. फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर जेब बुश यांनी तर राज्यभरातल्या शाळकरी मुलांच्या वाचनस्पर्धेसाठी तेच पुस्तक निवडले. त्या वेळी मुलांच्या कोवळ्या मनाची काळजी याच मंडळींना पडली नव्हती. तेव्हा आक्षेप चोरवाटेवर नाही, त्या वाटेने येणाऱ्या मालावर आहे. तसे असायला हरकत नाही. फक्त तसे म्हणावे. 'आम्हाला आमचा धर्म गोष्टीतून चालतो, तुमचा नास्तिकपणा चालत नाही' हे प्रामाणिक वाक्य आहे. त्याला मुलांच्या संरक्षणाचा अंगरखा चढवू नये.

मी स्वतः लुइस यांच्यावर खटला भरायला तयार नाही. पुलमन तयार होते. १९९८ मध्ये 'गार्डियन'मध्ये त्यांनी नार्नियावर असा काही आसूड ओढला की तो लेख आजही लुइसप्रेमींना झोंबतो. सूझन ही मुलगी लिपस्टिक आणि मेजवान्यांच्या नादी लागली म्हणून नार्नियाला मुकते, आणि बाकीची भावंडे रेल्वे अपघातात मेली यात लेखकाला आनंदच वाटतो, याचा त्यांना संताप होता. मुद्दा खरा, सूर कडवट. पण त्या कडवटपणातही पुलमन यांनी नार्निया ग्रंथालयातून काढा असे म्हटले नाही. स्वतःची वेगळी गोष्ट लिहिली. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांपैकी किती तरी जणांनी नार्निया वाचले आहे, आणि अस्लानच्या मागे ख्रिस्त उभा आहे हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसते. त्यांनी बाप्तिस्मा घेतल्याचे ऐकिवात नाही. गोष्ट मनात खोल उतरते हे खरे. पण ती लेखकाने आखून दिलेल्या रेषेवरूनच उतरते असे मानणाऱ्याने मुलांना वाचताना फारसे पाहिलेले नसावे.

शिवाय लुइस हे त्यांच्या आजच्या पाठीराख्यांपेक्षा धीट होते. 'द सिल्व्हर चेअर' हे १९५३ चे पुस्तक काढून पाहा. पाताळातली चेटकीण मुलांना सांगते की सूर्य वगैरे काही नाही. तुम्ही दिवा पाहिलात आणि त्याहून मोठा दिवा मनाने रचलात. मांजर पाहिलेत आणि त्याहून मोठे मांजर कल्पून त्याला सिंह म्हटलेत. देव ही माणसाच्या इच्छेची सावली आहे, हा एकोणिसाव्या शतकातला नास्तिक युक्तिवाद लुइस यांनी मुलांच्या पुस्तकात एवढा नेटका घातला की चेटकिणीपुढे मुले जवळजवळ हरतात. मग पडलग्लम हा रडव्या स्वभावाचा प्राणी आपला पाय विस्तवात घालून तो मंत्र मोडतो. ते उत्तर पुरेसे आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण प्रश्न मुलांच्या कानावर पडूच नये असे लुइस यांना वाटले नाही. आपल्याकडे वाल्मीकींनीही अयोध्याकांडात जाबालीला परलोक नाही, श्राद्ध व्यर्थ आहे असे रामासमोर बोलू दिले आहे. राम रागावून उत्तर देतो, जाबालीचे बोल मात्र काव्यात राहतात.

आता पुस्तकात खरोखर काय आहे ते पाहू, कारण 'देवाला मारणारे पुस्तक' ही ख्याती लेखकाच्या बढाईने आणि विरोधकांच्या भीतीने मिळून तयार केली आहे. पुस्तक दोघांपेक्षा शहाणे आहे.

त्रयीची नायिका लायरा हिच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्याबरोबर बाहेर वावरतो. त्याला डीमन म्हणतात. मुलांचे डीमन सतत रूप बदलतात, वयात आल्यावर त्यांचे रूप स्थिरावते. चर्चची सत्ता, मॅजिस्टेरिअम, हिला या स्थिरावण्याची धास्ती आहे, कारण त्याच वयात माणसावर 'डस्ट' नावाचे अदृश्य कण जमू लागतात आणि चर्च त्यांनाच पाप समजते. उपाय म्हणून उत्तरेत बोल्व्हांगारच्या बर्फात एक ठाणे उभारलेले आहे. गरिबांची आणि भटक्यांची मुले पळवून तिथे आणतात आणि मूल व डीमन यांच्यामधला बंध पात्याने कापून टाकतात. वाचलेली मुले आज्ञाधारक होतात, निस्तेज होतात, काहीच मागत नाहीत. हे सगळे त्यांच्या भल्यासाठी चालले आहे, असे तिथल्या नर्सना मनापासून वाटते.

हा मजकूर वाचून ज्यांना ख्रिस्ती धर्माची बदनामी झाली असे वाटते, त्यांना मी विचारतो: यातले नेमके काय तुम्हाला तुमच्यावर केलेले वाटले? कथेत लायराचा बाप लॉर्ड अझ्रिएल तिला सांगतो की चर्चने असे कापणे पूर्वीही चालवून घेतले होते. गाण्याचा कोवळा आवाज राहावा म्हणून मुलग्यांचे खच्चीकरण होत असे. ही लेखकाची कल्पना नव्हे. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये असे गायक होते, त्यांतला अखेरचा अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये वारला. आणि जुने कशाला उकरायचे? 'बॉस्टन ग्लोब'ने पाद्र्यांच्या बाललैंगिक अत्याचारांची आणि ती झाकून ठेवणाऱ्या बिशपांची मालिका सुरू केली ती जानेवारी २००२ मध्ये, पुलमन धोकादायक ठरले त्याच महिन्यात. डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. त्यानंतर पाचच वर्षांनी, मुलांचे भले करण्याच्या नावाखाली त्यांना इजा करणारे चर्च एका गोष्टीत दाखवले म्हणून बहिष्कार पुकारला गेला. मुलांची काळजी हे कारण पुढे करणाऱ्यांनी तरी आधी तारखा पाहायच्या होत्या.

आणि देवाच्या मृत्यूचे काय? तिसऱ्या खंडात ज्याला 'ऑथॉरिटी' म्हणतात तो विश्वाचा निर्माता नाहीच, हे बाल्थामोस हा देवदूत स्पष्ट सांगतो. तो डस्टमधून घडलेला पहिला देवदूत. पुढे जन्मलेल्यांना त्याने सांगितले की तुम्हाला मी घडवले. थोडक्यात, निर्मात्याचे नाव लावून गादीवर बसलेला तोतया. खरा निर्माता असेल किंवा नसेल, आम्हाला ठाऊक नाही, असे ऑथॉरिटीविरुद्ध लढणारा राजा ओगुन्वे म्हणतो. पुस्तकाचा पवित्रा इतकाच आहे. लेखक नास्तिक आहे, पुस्तक मात्र एवढेच म्हणते की देवाच्या नावाने राज्य करणाऱ्याला 'तू देव कशावरून?' असे विचारावे. श्रद्धावंताला हा प्रश्न परका नाही. मूर्तीला देव समजू नका असे बजावणाऱ्या यशयापासून लूथरपर्यंत तो धर्माच्या आतूनच विचारला गेला आहे.

तो मृत्यूचा प्रसंगही मुळातून वाचण्यासारखा आहे. जराजर्जर झालेला, भेदरलेला, बुद्धीही शाबूत नसलेला तो म्हातारा स्फटिकाच्या पालखीत कोंडलेला असतो. लायरा आणि तिचा सोबती विल यांना तो कोण ते ठाऊक नसते. कोणी तरी अडकले आहे, भ्याले आहे, एवढे दिसते आणि ती दोघे त्याला बाहेर यायला मदत करतात. बाहेरच्या वाऱ्याने तो विरून जातो, आणि जाताना त्याची सुटका झाल्यासारखे वाटते. देवहत्या म्हणून जगभर गाजलेला प्रसंग तो हा. दोन मुलांनी एका म्हाताऱ्याला हात दिला. उलट मॅजिस्टेरिअमचा फादर गोमेझ एका मुलीचा खून करायला निघतो आणि त्या पापाचे प्रायश्चित्त त्याने आगाऊच उरकून ठेवलेले असते. या दोन प्रसंगांतला कोणता प्रसंग मुलाच्या नीतीला बिघडवील?

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. मूळ त्रयीतल्या चर्चमध्ये एकही भला माणूस नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी नन नाही, गावातल्या पोरांना शिकवणारा गरीब पाद्री नाही. सत्तेच्या बाहेरचा साधा, भाविक माणूस तर औषधालाही नाही. तिसऱ्या खंडात लेखक ठिकठिकाणी गोष्ट थांबवून व्याख्यान देऊ लागतो. मेरी मलोन ही एकेकाळची नन आपण श्रद्धा कशी सोडली ते सांगते, तिथे मेरी कमी आणि पुलमन जास्त ऐकू येतात. हा दोष आहे, आणि तो प्रचाराचाच दोष आहे. एरवी एवढ्या सूक्ष्म जाणिवेच्या लेखकाने धर्माचे चित्र काढताना एकच रंग वापरावा हे खटकते. २०१७ च्या 'ला बेल सॉव्हाज'मध्ये त्यांनीच गॉडस्टो मठातल्या नन रंगवल्या. त्या प्रेमळ, धीट, विनोदी आहेत आणि तान्ह्या लायराला सांभाळतात. बहिष्काराने जे झाले नाही ते लेखकाच्या वयाने आणि कलेच्या गरजेने झाले. पण सदोष पुस्तक आणि घातक पुस्तक यांत फरक असतो. सदोष पुस्तकाला टीका हे उत्तर आहे.

नास्तिक कथा मुलाचा मृत्यूविषयीचा धीर हिरावून घेते, असेही म्हणतात. हा मुद्दा हळवा आहे, आणि तो मांडणारे सगळेच काही कोणाचे प्रचारक नसतात. आजी गेलेल्या मुलाला काय सांगायचे हा प्रश्न घरोघरी पडतो. पुलमन यांची मृतांची भूमी भयाण आहे. तिथे संत आणि खुनी सगळे एकाच करड्या अंधारात पडलेले असतात. स्वर्गाच्या आशेने प्राण दिलेली एक तरुणी तिथे म्हणते की आम्हाला सांगितले ते खरे नव्हते. पण लायरा त्यांना तिथे सोडून येत नाही. ती बाहेरची वाट काढते, आणि बाहेर पडलेला प्रत्येक मृत वाऱ्यात, गवतात, चांदण्यात मिसळून जातो. वाट दाखवणाऱ्या हार्पी, म्हणजे तिथल्या पंखवाल्या राखणदार, त्याबद्दल एकच मोल मागतात: आपल्या जगण्याची खरी गोष्ट सांगा. म्हणजे मुलाला निरोप असा मिळतो की डोळे उघडे ठेवून जग, म्हणजे सांगायला काही तरी असेल. यात स्वर्ग नाही हे कबूल. धीर नाही असे कोण म्हणेल?

पुस्तकामुळे श्रद्धा जाते, या गृहीतकाची परीक्षा घ्यायला हे दोन लेखकच पुरेत. लुइस अल्स्टरच्या धर्मनिष्ठ घरात वाढले आणि शाळेच्या वयातच नास्तिक झाले. पुढे तिशीच्या उंबरठ्यावर ते देवाकडे परतले, आणि त्या वाटेवरची पहिली ठिणगी म्हणून त्यांनी जॉर्ज मॅकडॉनल्डच्या एका अद्भुतकथेचे ऋण मानले. पुलमन यांच्या बालपणाचा काही काळ नॉरफोकमध्ये पाद्री असलेल्या आजोबांच्या छायेत, बायबल आणि प्रार्थनेच्या पुस्तकाच्या भाषेत गेला. ती भाषा त्यांना आजही प्रिय आहे. विश्वास मात्र उरला नाही. धर्माच्या घरातून नास्तिक निघाला, नास्तिकपणातून धर्माचा सर्वांत लोकप्रिय कथाकार निघाला. पुस्तकांचे कपाट कुलूपबंद करून यांतले काय थांबले असते?

इथे एका आर्चबिशपचा दाखला द्यायलाच हवा, कारण पुलमन यांना सर्वांत चांगले उत्तर देणारा माणूस चर्चमधलाच होता. लंडनच्या नॅशनल थिएटरने त्रयीचे नाट्यरूप २००३ च्या अखेरीस रंगमंचावर आणले. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स ते पाहायला गेले, त्यांनी त्यावर आदराने लिहिले, आणि मार्च २००४ मध्ये त्याच नाट्यगृहात पुलमन यांच्याशी जाहीर चर्चा केली. धर्मशिक्षणाच्या तासाला ही पुस्तके वाचावीत, असेही सुचवले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. मरू शकणारा, गादी राखण्यासाठी धडपडणारा हा देव आम्ही मानतो तो नव्हेच. मग असे चर्च आणि असा देव लोकांना का ओळखीचा वाटतो, याचा विचार आम्ही करायचा आहे. स्वतःच्या श्रद्धेवर विश्वास असलेला माणूस असा बोलतो.

चित्रपटाविषयी थोडेच. न्यू लाइन कंपनीने सुमारे १८ कोटी डॉलर खर्चले आणि धर्माशी असलेले भांडण भीतीपोटी जवळजवळ पुसून टाकले. पुस्तकाचा करुण शेवटही कापला. तरी बहिष्कार चुकला नाही आणि पुस्तकाचे चाहतेही नाराज झाले. अमेरिकेत जेमतेम ७ कोटी मिळाले. परदेशात धंदा चांगला झाला, पण तिथले हक्क कंपनीने आधीच विकून टाकले होते. पुढचे दोन भाग निघाले नाहीत. बहिष्कारवाल्यांनी विजय साजरा केला. मला विचाराल तर तो निम्मा विजय त्यांना निर्मात्यांनीच बहाल केला होता. बीबीसी आणि एचबीओ यांनी २०१९ ते २०२२ या काळात तीच कथा तीन पर्वांत शेवटपर्यंत दाखवली, पालखीतल्या म्हाताऱ्यासकट.

उरला पालकांचा हक्क. तो खरा आहे आणि त्यावर मी एका शब्दानेही वाद घालणार नाही. आपल्या मुलीने हे पुस्तक आता वाचू नये असे एखाद्या आईला वाटले तर ती तिची समज, तिचा निर्णय. पण हॉल्टनमध्ये जे झाले ते वेगळे होते. काही पालकांच्या अस्वस्थतेपायी सगळ्यांच्याच मुलांसमोरून पुस्तक हलवले गेले. तेव्हा विनंती एवढीच आहे. घरात पुस्तक आणण्यापूर्वी तिसरा खंड स्वतः वाचा, पालखीचा प्रसंग तर नक्कीच. मुलाने काही विचारले तर पुस्तकाशी भांडा, हिचन्ससारखे चिडा, नाही तर विल्यम्ससारखे उत्तर द्या. शाळेच्या कपाटात दुसऱ्याच्या मुलासाठी ठेवलेली प्रत मात्र जागच्या जागी राहू द्या.